भांडे घासावे, नाणे घासू नये

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी आपल्या परंपरागत धंद्याशी निगडित अशा एखाद्या विषयावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमच्या आजोबांनी व वडिलांनी कऱ्हाडच्या पेठेत आयुष्यभर तांब्यापितळेचा व्यवहार केला. आम्ही मात्र जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन हाती खडू घेतला आणि अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांच्या वेलांट्या व उकार दुरुस्त करण्यात घालविली. धंद्याविषयी बोलण्याचा अधिकार आमचा नव्हे. तथापि धंद्यातून आमच्या हातांत उतरलेल्या एका सवयीने एके काळी आमच्याकडून जो प्रमाद घडला, त्याविषयी बोलण्याचा अधिकार आमच्यावाचून दुसऱ्या कोणाचा असणार?

विषय वरकरणी क्षुल्लक आहे. शेत नांगरताना, विहीर खणताना अथवा पडक्या वाड्याचा पाया उकरताना मातीत एखादे जुने नाणे सापडते. ते हिरवे किंवा काळे पडलेले, मातीचे पुट चढलेले असते. ते स्वच्छ कसे करावे? आपल्यापैकी बहुतेकांच्या ओठांवर उत्तर तयार असेल : चिंच, मीठ आणि राखुंडी. तेच उत्तर आमच्याही ओठांवर होते.

हा प्रश्न आपल्या मुलखास परका नाही. कृष्णामाई महाबळेश्वरी उगम पावून वाई व कऱ्हाड करीत सांगलीस येते, आणि तिच्या दोन्ही तीरांवर माणसाची वस्ती किमान दोन सहस्र वर्षे अखंड नांदत आली आहे. कऱ्हाड म्हणजे प्राचीन करहाटक. मध्य भारतातील भारहूतच्या स्तूपावर जे दानलेख आहेत, त्यांत या नगरीच्या दात्यांचा निर्देश आढळतो. नजीकच्या आगाशिवाच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. दक्षिणेस कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली उत्खनन झाले, तेव्हा सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. पुढे मोगली अमलात मिरजेस मुर्तजाबाद व साताऱ्याच्या किल्ल्यास आझमतारा म्हणत. १७०८ साली शाहू महाराजांस साताऱ्यास राज्याभिषेक झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी पटवर्धनांनी सांगलीस आपले संस्थान थाटले. इतक्या राजवटींचा पैसा ज्या भूमीवर हातोहात फिरला, त्या भूमीत तो थोडाबहुत सांडला व पुरलाही गेला, यात नवल ते काय? चोराचिलटांच्या भयाने गाडग्यात घालून पुरलेला पैसा पुरणाऱ्याबरोबरच विस्मरणात गेला, आणि तो आज कोणाच्या तरी नांगराच्या फाळाला लागतो.

आता आमची हकीकत सांगतो. १९८६ सालच्या उन्हाळ्याची गोष्ट. आम्ही तेव्हा वाळवे तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावी शिक्षक होतो. चौथीच्या वर्गातील एका मुलाच्या वडिलांना नांगरट करताना दोन नाणी सापडली. त्यांतले एक मुलगा मुठीत धरून शाळेत घेऊन आला. “गुरुजी, ह्यावर काय लिवलंय ते वाचून दाखवा,” असे तो म्हणाला. नाणे तांब्याचे होते, जाडजूड होते आणि सर्वांगी हिरवेगार झाले होते. अक्षरांच्या ठिकाणी काही उंचवटे चाचपता येत होते, परंतु वाचता येत नव्हते.

वर्गातील चाळीस मुले आमच्याकडे पाहत होती. आम्ही जातीचे कासार. काळवंडलेला हंडा सोन्यासारखा लखलखीत करून देणे हे आमच्या घरातील बायकापोरांचे रोजचे काम. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने शेजारच्या घरातून चिंचेचा कोळ आणविला, त्यात मूठभर मीठ घातले, नाणे त्यात मधल्या सुटीपर्यंत बुडवून ठेविले आणि नंतर विटकरीच्या चुऱ्याने दोन्ही बाजूंनी खसखसा घासले. हिरवा गाळ निघून गेला. खाली तांबूस, चकचकीत, परंतु खड्डे पडलेली धातूची चकती उरली. एका बाजूस “श्री” हे अक्षर अंधुक दिसत होते. बाकी सर्व सपाट.

मुलगा बराच वेळ ते नाणे उलटसुलट करून पाहत राहिला. मग त्याने विचारले, “गुरुजी, घासायच्या आधी ह्यावर काय होतं?”

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. अडतीस वर्षांच्या नोकरीत मुलांनी विचारलेल्या अनेक प्रश्नांची उत्तरे आम्हांस आली नाहीत; परंतु ती उत्तरे निदान कोठे तरी, कोणत्या तरी ग्रंथात होती. या एका प्रश्नाचे उत्तर आमच्या हातात होते आणि आम्ही ते स्वहस्ते मोरीत ओतून दिले होते.

या लज्जेपोटी आम्ही पुढे जमेल तसे वाचन केले, जाणत्यांना भेटलो, संग्रहालये पाहिली. त्यातून जे उमगले ते आपणांसमोर ठेवतो.

प्रथम भांडे आणि नाणे यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. घरातील तांब्याच्या हंड्यावर जी काळपट अथवा हिरवट झाक येते, ती काही दिवसांची वा महिन्यांची असते. तो थर कागदाहूनही पातळ असून त्याखाली धातू धडधाकट असतो. चिंचेतील आम्ल तो थर विरघळवून टाकते आणि खालचा धातू उघडा पडतो. भांड्याचे मोल त्याच्या धातूत व आकारात असल्यामुळे यात आपले काहीच जात नाही. भांडे घासावे, हे आपल्या आयाआजींचे शास्त्र खरेच आहे.

नाण्याची गोष्ट निराळी. ते मातीत शे-दोनशे, प्रसंगी दोन हजार वर्षे पडलेले असते. मातीतील ओल, हवा, क्षार यांच्या संगतीने त्याचा पृष्ठभाग हळूहळू धातूपण सोडून पुन्हा खनिज होऊ लागतो. ज्या खनिजातून माणसाने भट्टी लावून तांबे काढले, त्याच खनिजाकडे ते परत निघालेले असते. प्रथम धातूस लागून तांबड्या रंगाचा थर तयार होतो, आणि त्यावर हिरवा, क्वचित निळा थर चढतो. आता मर्म असे की, नाण्यावर ठशाने उठविलेली अक्षरे मूळ पृष्ठभागावर असतात, आणि तो मूळ पृष्ठभागच खनिजरूप झालेला असतो. म्हणजे ज्यास आपण मळ समजतो, त्याच थरात अक्षरे जतन झालेली असतात. तो थर आम्लाने उतरविला की अक्षरेही त्याबरोबर उतरतात, आणि खाली राहतो तो केवळ कुरतडलेला गाभा.

आमच्या शाळेच्या कपाटात एकदा जुन्या हजेरीपटास वाळवी लागली होती. पाने जागच्या जागी होती, अक्षरेही दिसत होती, परंतु कागदाची निव्वळ माती झाली होती. हलक्या हाताने पान उलटले तर नाव वाचता येई; माती झटकावी म्हणून वही आपटली असती, तर नावासकट पान गेले असते. जुन्या नाण्याची अवस्था नेमकी अशी असते.

चिंचेबरोबर मीठ घालण्याची जी आपली रीत, ती तर अधिकच घातक. तांब्यास मिठातील क्लोराइडाचे वावडे आहे. हे क्लोराइड नाण्याच्या खड्ड्यांत शिरून बसले, की पुढे हवेतील ओलीबरोबर त्याची क्रिया सुरू होते. नाण्यावर फिकट हिरव्या रंगाची, पिठासारखी भुकटी ठिपक्याठिपक्यांनी फुटू लागते आणि आतला धातू कुरतडत जातो. शास्त्रज्ञ यास कांस्यरोग म्हणतात. हा जंतूंचा रोग नव्हे. तथापि एकदा जडला की आपणहून थांबत नाही, एवढे रोगाचे लक्षण त्यात खचित आहे. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर हा निरोगीपणाचा. आणि बोटाला लागणारी फिकट भुकटी ही दुखण्याची, अशी खूण साधारणपणे सांगता येईल.

याचा प्रत्यय आम्हांस सांगलीत आला. २०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात कृष्णेचा महापूर सांगलीत शिरला, तेव्हा आमच्या थोरल्या भगिनींच्या घरी पाणी छतास भिडले होते. पाणी ओसरल्यावर कपाटातील चिखलात त्यांच्या सासऱ्यांनी जपलेली जुन्या पैशांची पुरचुंडी सापडली. घाईगर्दीत ती तशीच ओली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली गेली. दिवाळीस पिशवी उघडली, तो शंभर वर्षे निर्धास्त राहिलेल्या नाण्यांवर फिकट हिरवी भुकटी फुटलेली. पुराने जे बिघडविले नव्हते, ते बंद पिशवीतील दमट हवेने बिघडविले. तीच नाणी स्वच्छ पाण्याने धुऊन, टिपून, सावलीत पूर्ण कोरडी केली असती, तर कदाचित वाचली असती.

तांब्याचे सांगितले, इतर धातूंचे थोडक्यात सांगतो. सोन्यास गंज चढत नाही. त्यावरील माती पाण्याने निघते आणि त्याहून अधिक काही करावयाचे नसते. चांदीवर गंधकाच्या योगाने काळा थर येतो, आणि चांदीत तांब्याचा भेग असल्यास हिरवा थरही वर येतो. हिरवे नाणे तांब्याचेच असेल असे समजू नये. शिसे हा धातू आपल्या भागात विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण सातवाहनांच्या काळी दक्षिण महाराष्ट्रात शिशाची नाणी चालत. शिसे इतके मऊ की नखाचा ओरखडा उठतो. त्यावर पांढरी भुकटी धरते. लिंबू, चिंच, शिर्का यांपैकी कशाचाही स्पर्श त्यास सोसत नाही; किंबहुना बंद लाकडी पेटीत लाकडातून निघणारी आम्लाची वाफदेखील त्यास बाधते. शिवाय शिसे विषारी असल्यामुळे ते हाताळल्यावर हात धुणे अवश्य आहे.

हा प्रमाद केवळ आमच्यासारख्या मॅट्रिक झालेल्या शिक्षकाच्याच हातून घडला असे नव्हे. मोठमोठ्या विद्वानांनीही येथे ठेच खाल्ली आहे. बर्लिनच्या संग्रहालयांत १८८८ साली रसायनशाळा स्थापन झाली व तिची धुरा फ्रीड्रिख राथगेन या रसायनज्ञाकडे आली. विजेच्या प्रवाहाने गंज उतरविण्याची रीत तेथून सर्वत्र पसरली. आपल्याकडे मद्रासच्या सरकारी संग्रहालयात १९३० साली रसायनशाळा निघाली आणि तेथे परमशिवन् यांनी रोगट झालेल्या कांस्यमूर्ती या विजेच्या रीतीने वाचविल्या. मूर्ती वाचल्या हे खरे; परंतु या रीतीने सर्व थर उतरून धातू उघडा पडतो व नाण्यासारख्या नाजूक वस्तूवरील बारीक कोरीव अंश जातो, हे पुढे ध्यानात आले. म्हणून आजचे जाणते संरक्षक विजेचा अथवा आम्लाचा उपयोग सरसहा करीत नाहीत. भिंगाखाली नाणे धरून, एकेक कण सोडवीत, मूळ पृष्ठभाग येताच ते थांबतात. काढावे किती यापेक्षा थांबावे कोठे, हे त्यांचे खरे कौशल्य.

येथे कोणी विचारील की, एका पैशावरील चार अक्षरे गेली तर एवढे काय बिघडले? त्यास दोन दाखले देतो.

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक होती. ती सर्व क्षहरात राजा नहपान याची. परंतु त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उठविलेला आढळला. एकाच नाण्यावर पराभूत राजाचा मुखवटा आणि त्यावर विजेत्याचे चैत्याचे चिन्ह! नहपानाचा मोड गौतमीपुत्राने केला, याची याहून बोलकी साक्ष दुसरी कोणती? खालच्या ठशाची अंधुक रेषा वरच्या ठशाखालून डोकावते, म्हणून ही साक्ष. कोणी ती नाणी पूजेच्या उपकरण्यांसारखी घासून लखलखीत केली असती, तर ती खालची रेषाच आधी गेली असती.

दुसरा दाखला वऱ्हाडातील तऱ्हाळे येथील. मंगरूळपीर भागातील या गावी १९३९ साली सातवाहनांच्या मिश्रधातूच्या नाण्यांचा साठा मिळाला. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी तो अभ्यासिला, तेव्हा पुराणांतील वंशावळीत ज्यांची नावेही नाहीत असे काही राजे त्या नाण्यांवरून प्रथमच ज्ञात झाले. एक राजा आपल्या इतिहासात आहे की नाही, हे तांब्याकथिलाच्या गंजलेल्या चकतीवरील दोन-तीन अक्षरांवर अवलंबून होते.

आणि आपली घरची शिवराई घ्या. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हापासून हे तांब्याचे नाणे निघाले. एका अंगास “श्री राजा शिव” आणि दुसऱ्या अंगास “छत्रपति” अशी अक्षरे. महाराजांच्या मागून त्यांच्या वंशजांनी आणि पुढे पेशवाईत अनेक टांकसाळींनी शिवराया पाडल्या. कोठे शिवाच्या जागी राम वा शाहू आहे. कोठे अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा आहेत, तिला दुदांडी म्हणतात. कोठे शिव हा शब्द दीर्घ वेलांटीने, तर कोठे दंत्य सकाराने लिहिलेला आहे. कडेचे ठिपके, रेघ, वेलांटी यांच्या भेदांवरूनच जाणकार एक शिवराई दुसरीपासून निराळी ओळखतात. श्रोतेहो, ज्या शिक्षकाने जन्मभर मुलांना एका चुकलेल्या वेलांटीबद्दल ओणवे उभे केले, त्याने दोन-तीनशे वर्षांपूर्वीची वेलांटी विटकरीच्या चुऱ्याने पुसून टाकावी, यापेक्षा अधिक विपरीत ते काय?

आता कर्तव्य काय ते सांगतो. जमिनीत नाणे सापडल्यास काय करावे?

पहिली गोष्ट कायद्याची. १८७८ सालचा निखात निधी अधिनियम आहे. भूमीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर वस्तूचे स्वरूप, अदमासे किंमत, सापडल्याचे ठिकाण व दिवस ही माहिती सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविलीच पाहिजे. न कळविल्यास त्याचा हिस्सा सरकारजमा होतो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड अथवा दोन्ही होऊ शकते. परंतु कळविले म्हणजे सर्वस्व गेले, हा आपल्या लोकांचा समज बरोबर नव्हे. मूळ मालक न मिळाल्यास सापडणाऱ्यास व जमीनमालकास त्यात वाटा असतो. दोघांत वेगळा करार नसेल तर सामान्यतः तीन हिस्से सापडणाऱ्याचे व एक हिस्सा मालकाचा. सरकारने तो निधी ठेवून घेतला, तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देण्याची तरतूद आहे. भयापोटी लोक नाणी लपवितात आणि मग ती मोडीत जातात. आमच्या वडिलांच्या दुकानीही मोडीच्या तराजूत शिवराया येत आणि वजनावारी मुशीत जात, हे आम्ही बालपणी पाहिले आहे. आपल्या शेजारच्या विटे, खानापूर, आटपाडी भागातील गलाई कारागीर सोन्याचांदीच्या शुद्धीकरणासाठी भारतभर पसरले आहेत. त्यांच्या कौशल्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु मूस धातू तेवढा परत देते, अक्षर परत देत नाही. नाणे मुशीपाशी पोहोचू नये, ही काळजी ते आणणाऱ्याने घ्यावयाची आहे.

दुसरी गोष्ट टिपणाची. नाणे कोणत्या शेतात, किती खोल, कोणत्या भांड्यात आणि कशाबरोबर मिळाले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. गाडगे फुटले तरी खापऱ्या टाकू नयेत. साठा असेल तर एकही नाणे वेगळे काढू नये. कारण साठा केव्हा पुरला, हे त्यातील सर्वांत अलीकडच्या नाण्यावरून ठरते. नेमके ते नाणे कोणी खिशात घातले, तर सगळ्या साठ्याचा काळ चुकतो.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. उत्तम मार्ग म्हणजे काही न करणे. फारच माती असेल तर ती वाळू द्यावी व मऊ कुंचल्याने हलकेच झाडावी. नाणे धड असेल व भुकटी धरत नसेल, तर बॅटरीत घालण्याचे शुद्ध पाणी मिळते, त्यात ते ठेवून पाणी अधूनमधून बदलावे. सुटलेली माती बांबूच्या काडीने, भिंग डोळ्याशी धरून, काढावी. सुई, टाचणी, तारेचा ब्रश वापरू नये. काडी अडली की थांबावे. नंतर नाणे टिपून पूर्ण सुकवावे. चिंच, लिंबू, शिर्का, मीठ, टूथपेस्ट, भांडी घासण्याची पूड यांपैकी कशाचाही उपयोग करू नये. फिकट भुकटी दिसल्यास ते नाणे इतरांपासून दूर, कोरड्या डबीत ठेवून तज्ज्ञास दाखवावे. त्यावरील औषधे विषारी असून ती घरी योजण्याची नव्हेत.

चौथी गोष्ट साठवणीची. प्रत्येक नाणे स्वतंत्र कागदी पाकिटात ठेवावे व पाकिटावर टिपण लिहावे. मऊ प्लॅस्टिकच्या काही पिशव्यांतून कालांतराने आम्ल सुटते, म्हणून त्या टाळाव्यात. ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी डब्यात ठेवावी. नाणे कडेने धरावे, कारण घामातही मीठ असते.

सल्ला कोठे मिळेल? साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, औंधास श्री भवानी संग्रहालय आहे, पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ व डेक्कन कॉलेज आहे, नाशिकजवळ अंजनेरीस नाण्यांच्या अभ्यासासाठीच १९८० साली स्थापन झालेली संशोधन संस्था आहे. विचारावयास जाण्यात कमीपणा नाही. न विचारता घासण्यात आहे.

आता हकीकतीचा शेष भाग सांगून आपली रजा घेतो. सापडलेली नाणी दोन होती, हे आपल्या स्मरणात असेल. दुसरे नाणे त्या मुलाच्या आजीने चिंधीत गुंडाळून कणगीजवळच्या कोनाड्यात ठेविले होते. पहिल्याची गत पाहून मुलाने ते पुन्हा शाळेत आणले नाही, आणि आम्हीही लाजेने त्याविषयी विचारले नाही. पुढे आजी गेली, जुने घर उतरविले गेले, मुलगा बापाच्या जागी शेती करू लागला. गतवर्षी तो आपण होऊन आमच्या घरी आला. त्याचेही केस आता पिकू लागले आहेत. त्याने खिशातून काड्यापेटी काढून आमच्यापुढे ठेविली. आत कापसावर ते नाणे होते, हिरवे, मातीसकट, जसेच्या तसे.

“गुरुजी, आता घासू नका,” तो हसून म्हणाला.

आम्ही खोलीची खिडकी लावून घेतली. त्याने आपल्या मोबाइलची बत्ती नाण्याच्या कडेशी, अगदी आडवी धरली. कोनातून पडणाऱ्या उजेडात प्रत्येक उंचवट्याची सावली पडते, आणि जे समोरच्या उजेडात दिसत नाही ते दिसू लागते, हे आम्ही संग्रहालयात शिकलो होतो. पहिल्या ओळीत “श्री” दिसले. दुसऱ्या ओळीत “राजा”. तिसऱ्या ओळीवर मातीचा खडा बसलेला होता; त्याच्या वर वेलांटीचा माथा तेवढा वळताना दिसत होता. ती वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, हे खडा काढल्यावाचून कळण्याजोगे नव्हते. आमच्या बोटांस क्षणभर जुनी खाज सुटली हे येथे कबूल करतो. बांबूची काडी मेजावरच होती.

आम्ही ती उचलली नाही. छायाचित्र घेतले, वजन केले, टिपण लिहिले, आणि दोन्ही नाण्यांची लेखी माहिती त्याने आमच्या समक्ष सादर करून पोच घेतली. अर्जात पहिल्या नाण्यापुढे “घासल्यामुळे अक्षरे नष्ट” असा शेरा आहे. तो आमच्याच हस्ताक्षरात आहे. वेलांटी ज्याच्या हाती शास्त्र आहे तो वाचील. आम्हांस वाचता आली नाही तरी चालेल. ती शाबूत आहे, एवढे पुरे.

ज्ञातिभगिनींस एक विनंती. आपल्यापैकी कित्येकींच्या देव्हाऱ्यात सासूने दिलेली शिवराई अथवा चांदीचा जुना रुपया आहे. दरसाल लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तो समयी-निरांजनांबरोबर घासला जातो. समई अवश्य घासावी. तो आपला धर्म आणि आपला धंदाही आहे. नाण्यास मात्र स्वच्छ पाण्याचे बोट लावून, कोरड्या मऊ वस्त्राने टिपून, हळदकुंकू जवळच्या पानावर वाहावे. चकाकी नसली म्हणून लक्ष्मी रुसत नाही. आणि नातवंडाने “ह्यावर काय आहे?” असे विचारले, तर त्यास दाखविण्यासारखे नाण्यावर काही तरी उरलेले असेल.



इत्यलम्.